सारंगचाचांच्या वहीतलं माझं अक्षर

सारंगचाचांविषयी कुणी विचारलं की मी विषय बदलतो. नऊ वर्षं बदलतोय. यंदाच्या मोहोराचं बोलतो, नळाला पाणी किती दिवसांनी आलं ते सांगतो, कधी कानाला कमी ऐकू येतं असंही दाखवतो. कान माझे उत्तम आहेत. म्हणून तर गेल्या महिन्यात शेजारच्या घरातलं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं. मुंबईहून सुट्टीला आलेली तिथली सून जेवायला कंटाळणाऱ्या मुलीला सांगत होती, "गप जेव. नाहीतर सारंग येईल. फासे खुळखुळवत येतो आणि वहीत नाव लिहून नेतो." मुलगी मुकाट्याने जेवली. मी इकडे माझ्या पडवीत ताटावर बसलो होतो. मी ताट सारून उठलो.

सारंगचाचांनी त्या वहीत कधी कुणाचं नाव लिहिलं नाही. आमच्या गावाला ज्या नावांची भीती बसली ती मी लिहिली होती. मी आता चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. या वयात घाबरून काय राहायचं, असं स्वतःला बजावून लिहायला बसलोय. पण दाराला कडी घालून बसलोय, हेही सांगितलं पाहिजे.

त्यांचं खरं नाव इस्माईल. जन्मभर मालवाहू जहाजांवर होते आणि शेवटची पंधरा वर्षं खलाशांचे मुकादम, म्हणजे सारंग. निवृत्त होऊन खाडीकाठच्या घरी परतले तेव्हा हुद्दाच नाव होऊन बसला. आमचं गाव दाभोळच्या अलीकडे. खाली पाण्याजवळ मोहल्ला, वर उतारावर आमची वाडी आणि दोहोंना जोडणारी जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी. उंच, काटक माणूस. डाव्या हाताच्या करंगळीचं एक पेर कुठल्याशा बंदरात दोरखंडाने नेलेलं. लुंगीवर जहाजाचा जुना निळा सदरा घालायचे, खांद्यावर पट्ट्या असलेला. चहा बिनदुधाचा, लिंबू पिळून. कुणीही घरात आलं की आधी बोट हलवून माणसं मोजायचे, मग "बसा" म्हणायचे. जहाजावर धोक्याचा भोंगा झाला की सारंगाने माणसं मोजायची असतात. ती सवय सुटली नव्हती. लग्नाच्या मांडवातही मोजायचे. एकदा कुणीतरी विचारलं, "चाचा, एखादा कमी भरला तर काय करणार?" ते म्हणाले, "शोधणार. दुसरं काय करायचा?"

मी लोट्याला रसायनांच्या कारखान्यात नोकरी केली, शेवटी शिफ्ट माझ्या हाताखाली होती. आमचं काम पिंपांचं. पिंपावर चिठ्ठी असते: कवटी म्हणजे विष, ज्वाळा म्हणजे पेट घेणारं. चिठ्ठी वाचायची आणि वागायचं. आत काय आहे ते उघडून बघायला गेलेला माणूस मी एकदा पाहिला आहे, नंतर त्याला डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. त्यामुळे जगातल्या प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असावी आणि ती विश्वासाने वाचावी, असं माझं मत बनलं होतं. निवृत्त होऊन गावी आलो तरी ते बनलेलंच होतं.

चाचांच्या घरी गेलो तो रंगाच्या एका डब्यावरचा मजकूर वाचून द्यायला. त्यांनी बोट हलवून मोजलं, "चार," म्हणाले आणि खूष झाले. पडवीत आधीच दोघं बसलेली होती. एक नलूताई, आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्स. दुसरा प्रकाश, जेटीजवळ होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. मध्ये चटईवर कागद, पेन्सिली आणि एका करवंटीत रंगीबेरंगी फासे. एका फाशाला वीस तोंडं होती. तसला फासा मी जन्मात पाहिला नव्हता.

"बस, बापू," चाचा म्हणाले. "सफरीला चौथा माणूस पायजेच होता."

सफर हे त्या खेळाला त्यांनी दिलेलं नाव. जहाजावर लांबच्या प्रवासात फिलिपिनो पोरांकडून ते हा खेळ शिकले होते. खेळाला पट नाही. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी त्या सांगण्यात शिरायचं. प्रत्येकाच्या पुढ्यात कागद. त्यावर आपण घेतलेल्या सोंगाचं नाव, ताकद आणि जीव, म्हणजे एक आकडा. घाव बसला की आकडा उतरतो, शून्य झाला की संपलं. झटापटीत काय होणार ते फासा ठरवतो. शिवाय कागदावर स्वभावाचा एक चौकोन असतो, नऊ खणांचा. आडवे तीन: चांगला, मधला, वाईट. उभे तीन: कायद्याने चालणारा, मधला, मनाला येईल तसा. आपण कोण ते आधीच ठरवून खूण करायची. वाटेत भेटणाऱ्या राक्षसांनाही असाच चौकोन.

हे ऐकून मला फार बरं वाटलं. इथेही चिठ्ठी होती. मी सरदार झालो. चांगला आणि कायद्याने चालणारा. नलूताई चांगल्या, पण मनाला येईल तसं वागणाऱ्या. प्रकाशने अगदी मधला खण धरला. दुकानातही तो तसाच. गिऱ्हाईक म्हणालं इंजिन गेलं तर याचंही गेलं, गिऱ्हाईक म्हणालं चालेल अजून तर याचंही चालेल.

चाचा सांगायला लागले की अंगणातलं ऊन कमी झाल्यासारखं वाटायचं. आवाज कधी चढवत नसत. उलट खाली आणत, म्हणजे आपण पुढे वाकायचं. गड म्हणाले की माझ्यासमोर खाडीपलीकडचा अंजनवेलचाच गड यायचा, पण त्याच्या बुरुजामागे काहीतरी श्वास घेतंय असं वाटायला लागायचं. दुपारची तीनची वेळ, कोंबड्या फिरतायत, आणि पासष्ट वर्षांचा मी मांडीखाली हात दाबून बसलोय.

"पुलावर एक उभा आहे," त्या पहिल्या रविवारी ते म्हणाले. "तुझ्या दुप्पट उंच. अंगभर केस. हातात ओंडका. काय करतोस?"

"त्याचा स्वभाव काय?"

"वाईट. कागदावर लिहिलाय."

"मग मारतो."

मी करवंटी हलवली. अठरा पडले. प्रकाश म्हणाला, "वा, सरदार!"

"उतरला," चाचा म्हणाले. मेला हा शब्द ते वापरत नसत. जहाजावरून उतरावं तसा प्रत्येक जण उतरायचा. "नाव काय होता त्याचा?"

"राक्षसाला नाव कशाला?"

"विचारलास?"

"नाही."

"मग आता तूच ठेव. ज्याने उतरवलान त्याने लिहायचा." त्यांनी एक जाड निळी वही माझ्याकडे सरकवली. जहाजावरची नोंदवही होती ती. पानांवर छापील रकाने, कोपऱ्यात नांगराचं चित्र.

"लिहा हो बापू," नलूताई म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी लिहिलंय. माझ्या नावावर दोन लांडगे आणि एक म्हातारा आहे. म्हाताऱ्याचं मला अजून वाईट वाटतं."

मी पिंपांवर लिहायचो तशा ठसठशीत, सुट्या अक्षरांत लिहिलं: दगडू, राहणार पुलावर, स्वभाव वाईट, जीव तेरा, शून्य, उतरला. हा नियम मला पोरकट वाटला. पुढच्या काही रविवारी मी तो विसरत राहिलो आणि वहीत माझी अक्षरं वाढत गेली. शेवटी एकदा वैतागून मी विचारलं, "चाचा, कागदावर वाईट लिहिलंय ना? मग नाव, गाव, चौकशी कशाला?"

"लिहिलाय खरा. पण कोणी लिहिलान?"

"तुम्हीच!"

"तीच तर भीती आहे," ते म्हणाले आणि चहा करायला आत गेले.

त्या भीतीचा उलगडा एका रविवारी झाला. बाकीची दोघं यायची होती. चाचा लिंबू कापत होते आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागले. त्यांचं जहाज आखाताच्या तोंडाशी होतं. समुद्री लुटारूंची तेव्हा मोठी दहशत. म्हणून जहाजावर बंदूकवाले पहारेकरी घेतलेले.

"भर दुपार. एक होडी सरळ आमच्यावर. सहा माणसं, हात हलवतायत. पहारेकऱ्याने मला विचारलान, तू होड्यांतला माणूस, सांग, लुटारू की मासेवाले? त्याच्या हातात कागद होता. लुटारू कसे ओळखायचे ते लिहिलेला. लहान होडी, पाचाहून जास्त माणसं, वेगात येणारी. सगळा जुळत होता. मी म्हटलं, लुटारू."

"मग?"

"एक उतरला. होडी वळली तेव्हा मागची बाजू दिसली. जाळं होता, बापू. ओला जाळं. आमच्या जहाजाखाली त्यांचं जाळं फाटणार, म्हणून हात करत होते." त्यांनी सुरी खाली ठेवली. "मी नाखव्याच्या घरात जन्मलो. बापाने मला चालायच्या आधी जाळं धरायला शिकवलान. मी कागद बघितला, होडी बघितलीच नाय. त्याचं नाव काय होता ते मला आजपर्यंत ठाऊक नाय."

इतकंच. नलूताई आल्या, चाचांनी माणसं मोजली आणि सफर सुरू झाली. मी त्या गोष्टीवर विचार करायला हवा होता. मी केला नाही. मला वाटलं, कागदावरच्या खुणा जुळत होत्या, त्यात त्यांची काय चूक?

आता ज्या रविवारी मी ते पान लिहिलं त्याविषयी.

माझ्या शेजारी वसंत राहायचा. आमच्या दोन आवारांमध्ये जांभ्याच्या दगडांचा गडगा आहे, बिनचुन्याचा, नुसते दगडावर दगड. पावसात थोडा कोसळला होता तो वसंतने पुन्हा रचला आणि रचताना माझ्या बाजूला हातभर आत घेतला. त्या सकाळी आमचं जोरात वाजलं होतं. तो मला "कारखान्यातला साहेब" म्हणाला, मी त्याच्या अधू पायावर बोललो. बोलू नये ते बोललो. तसाच धुमसत दुपारी पाखाडी उतरून सफरीला गेलो.

सफरीत आम्ही एका राक्षसामागे होतो. तो गावातली गुरं नेत होता. मी त्याला गुहेच्या तोंडाशीच गाठला आणि तीन घावांत उतरवला. आत शिरलो तर तीन पिल्लं होती.

"यांना हात लावायचा नाही हं," नलूताई लगेच म्हणाल्या.

"मोठी होऊन हेच करणार. यांच्याही कागदावर वाईटच असणार."

"पिल्लांचा चौकोन कोरा आहे," चाचा म्हणाले. आवाज आणखी खाली आला. "तुझा दिवा बघून एकाने डोळे झाकलेत. दुसरा बापाला हाक मारतोय. काय करतोस?"

"मारतो."

"फासा ठेव. यांना फासा लागत नाय. तोंडाने सांग, कसा मारतोस."

मी सांगितलं. पहिल्याचं, दुसऱ्याचं, तिसऱ्याचं. मला थांबता आलं असतं, पण सकाळपासून डोक्यात वसंत होता आणि माझा आवाज थांबायला तयार नव्हता. सांगून झालं. मला माझ्याच आवाजाची भीती वाटली, हे मी त्यांना कळू दिलं नाही. चाचांनी खोडरबर उचललं आणि माझ्या कागदावर, जिथे मी चांगला म्हणून खूण केली होती, त्याच्या शेजारी ठेवलं. "तुझा तू बघ," म्हणाले. मी ते बोटाने उडवून दिलं. मग त्यांनी वही सरकवली. "चार नावं."

मी लिहिलं: वसंत, राहणार गडग्यापलीकडे, उजव्या पायाने अधू, स्वभाव वाईट, जीव वीस, चौदा, सहा, शून्य, उतरला. खाली पिल्लांची नावं घातली. दिलीप, संजय, महेश. वसंतचे तीन मुलगे. तिघंही बाप्ये, लग्नं झालेली. माझ्यासमोर वाढलेली पोरं.

प्रकाश वाकून वाचून हसला. चाचांनी वही फिरवून बघितली.

"ही खरी माणसं आहेत?"

"गंमत हो."

"खोड ते."

"पेन आहे, खोडणार कसं? पान नेतो, घरी नीट लिहून आणतो." मी पान फाडलं. नोंदवहीचं पान कधी फाडायचं नसतं, हे ते आम्हाला अनेकदा सांगत. त्यांनी फाडू दिलं. इतकंच विचारलं, "आणशील ना?"

"आणतो."

पान घडी करून खिशात घातलं. घराजवळ गडग्याशी थांबून वसंतने रचलेले दगड पुन्हा एकदा बघितले, खिशातला रुमाल काढून मान पुसली आणि घरात गेलो. संध्याकाळी खिशात पान नव्हतं. कपड्यांबरोबर भिजलं असेल, असं मी ठरवून टाकलं. पुढच्या रविवारी चाचांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "फाडून टाकलं." ते म्हणाले, "बरं केलास."

त्यानंतर बाराव्या दिवशी वसंत सकाळी अंगणात चूळ भरताना पडला तो उठला नाही. डॉक्टरांनी हृदय सांगितलं. क्रियाकर्म संपायच्या आधीच त्याचा थोरला, दिलीप, गडग्याचा एक निखळलेला दगड बसवायला गेला आणि त्याला फटीत घडी केलेला कागद सापडला.

करणी हा शब्द पहिल्यांदा कुणी काढला, मला माहीत नाही. संध्याकाळपर्यंत तो सगळ्या वाडीत होता. "आकडे बघितलेत?" बायका विहिरीवर बोलत होत्या. "वीस, चौदा, सहा, शून्य. दिवसादिवसाने जीव काढलान त्याचा." कागदाच्या कोपऱ्यात नांगर होता, आणि नांगर छापलेली वही गावात एकाच घरी होती. विचित्र फासेही तिथेच होते. ते प्रकाशने स्वतःच कितीदा कौतुकाने सांगितलं होतं. अक्षराकडे कुणी बघितलं नाही. सुटी, ठसठशीत अक्षरं कुणाचीच वाटत नाहीत.

बाहेरून बघणाऱ्याला हा संताप वाटला असता. ती भीती होती. तिघा भावांच्या दंडांना त्यांच्या आईने दोरे बांधले. धाकट्या महेशला ताप भरला आणि तो आतल्या खोलीतून बाहेर येईना. संजय मुंबईला परत जायचा होता. एसटीत बसायला घाबरला. आणि दिलीप, जो एकटा होडी वाळूवर ओढायचा, तो दुपारी माझ्या पडवीच्या पायरीवर येऊन बसला आणि रडायला लागला.

"बापूकाका, बाबांच्या खाली माझं नाव आहे."

मी त्याला पाणी दिलं.

"तुम्ही शिकलेले. खरं सांगा, हे कोणी केलान?"

त्याचे हात मी बघत होतो. गुडघ्यांवर ठेवलेले, प्रचंड मोठे हात. ते त्या वेळी माझ्या गळ्याभोवती कसे लागतील याचाच विचार मी करत होतो. आणि त्याहूनही, लोट्याचा साहेब शेजाऱ्याच्या पोरांची नावं राक्षसाची पिल्लं म्हणून लिहितो, हे उद्या विहिरीवर कसं बोललं जाईल, याचा.

"काय माहीत," मी म्हणालो.

देवळासमोर सहाण आहे, शिमग्यात पालखी टेकवतात तो कट्टा. तिथे दोन दिवसांनी, ऊन उतरायच्या आत, गाव जमलं. चाचांना निरोप गेला. ते एकटेच पाखाडी चढून आले. निळा सदरा घातला होता. वर आल्यावर त्यांचं बोट आपोआप हलायला लागलं. एवढी माणसं मोजून होण्यासारखी नव्हती, मध्येच थांबले. प्रकाश गर्दीत स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. नलूताई लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या. त्या असत्या तर मी हे लिहीत बसलो नसतो.

गावकरांनी, म्हणजे गावच्या मानकऱ्यांनी, कागद पुढे धरला. "हा तुझा?"

चाचांनी चष्मा लावला, वाचलं, उलटून पाहिलं. मग मान वर करून मला शोधलं. मी मागच्या रांगेत, पिंपळाच्या बाजूला होतो.

"वही माझी आहे," ते म्हणाले.

"आणि ही नावं?"

त्यांनी उत्तर द्यायच्या आत वसंतची बायको पुढे धावली आणि त्यांच्या पायाशी बसली. "काय हवंय ते माग. नवरा नेलास. माझ्या पोरांना सोड."

मी चाचांना घाबरलेलं त्याच एका वेळी पाहिलं. ते चटकन खाली वाकले. "उठा, वहिनी. उठा आधी. तुमच्या पोरांना काय होणार नाय. खेळ आहे हा, कागदावरचा. पत्त्यांसारखा."

"पत्त्यात आमची नावं असतात?" दिलीप ओरडला. "लिहिलान कोणी?"

चाचांनी पुन्हा माझ्याकडे बघितलं. या वेळी बराच वेळ. रागाने नाही. मला काहीतरी सुचायला ते वेळ देत होते. माझ्या मनात वाक्य तयार होतं: अक्षर माझं आहे. तीन शब्द. मी तोंड उघडलं असतं तर महेशचा ताप उतरला असता, असं मला आजही वाटतं. मी खाली बघितलं. पिंपळाच्या गळलेल्या पानांवर मुंगळे चालत होते.

"ज्याने लिहिलान त्याला ठाऊक आहे," चाचा म्हणाले. "त्याने सांगायचा. मी कोणाचं नाव घेणार नाय."

"घे नाव!" "घाबरतोस होय?" "दुसरं नाव नाहीच, याचंच काम आहे!" कुणीतरी त्यांना ढकललं. मग एक दगड आला, डाव्या कानामागे लागला. पांढऱ्या दाढीतून रक्त सदऱ्यावर ओघळलं. गावकर मध्ये पडले म्हणून पुढचं टळलं. काही जण त्यांच्या घराकडे धावले, वही आणि फासे आणले आणि जेटीवरून खाडीत फेकले. मी त्यांच्यामागे जेटीपर्यंत गेलो. मी फेकणाऱ्यांतला नव्हतो, पण तिथे उभा होतो आणि कुणीतरी मला, "बापूकाका, बरं झालं ना?" असं विचारलं तेव्हा मी मान हलवली.

गोष्ट आता दोन घरांची राहिली नव्हती. वाडी आणि मोहल्ला एकमेकांकडे डोळे वटारून बघायला लागले. पाखाडीवरून बायका एकट्या जाईनात. मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांनीच चाचांना सांगितलं, प्रकरण वाढू नये म्हणून काही दिवस रत्नागिरीला भाचीकडे जा. ते गेले. जिथे जन्मले, जिथे मरायला म्हणून परतले होते, तिथून फेरीबोटीत एक पेटी घेऊन गेले. आणि गंमत अशी की महेश बरा झाला. तिघंही भाऊ आजही ठणठणीत आहेत. त्यामुळे गावाची खात्रीच पटली. "त्याला घालवला म्हणून वाचलो," असं दिलीप अजून सांगतो. पोलिसांत का गेला नाहीत, असं नलूताईंनी परतल्यावर मला विचारलं. मग माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत.

हे लिहून झालं की पहिली प्रत मी गडग्यापलीकडे दिलीपला देणार आहे. त्याने वाचून काय करावं ते त्याचं त्याने ठरवावं.

चाचांनी गाव सोडल्यावर वर्षभराने मी रत्नागिरीला गेलो होतो. बसमध्ये सगळा वेळ वाक्य घोकत होतो. भाचीचं घर तिसऱ्या मजल्यावर. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसत होती. चाचांना डाव्या कानाने ऐकू येईनासं झालं होतं. मला त्यांनी उजव्या बाजूला बसवून घेतलं.

"पोरं बरी आहेत ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता.

"बरी आहेत."

"भीती गेली त्यांची?"

मी म्हणालो, "पूर्ण नाही."

ते थांबले. देवळासमोर थांबले होते तसेच. मी कपातल्या चहाकडे बघत राहिलो. मग त्यांनीच मला यंदा आंबा कसा आहे ते विचारलं आणि मी तासभर आंब्याविषयी बोललो. तुडतुड्याविषयी, फवारणीविषयी, माझ्या कलमांविषयी. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आले. कठड्याला हात धरून उभे होते, सदरा अंगावर सैल झालेला. मी चार पायऱ्या उतरलो तेव्हा म्हणाले, "बापू, काय सांगायचा होता काय तुला?"

"छे. सहज आलो होतो."

"बरं," ते म्हणाले. मी खालच्या वळणावरून वर बघितलं तेव्हाही ते तिथेच होते, बरा कान माझ्याकडे करून.

पुढच्या पावसाळ्यात ते वारले. भाचीचा फोन आला. मातीला मी गेलो नाही. कुठे निघालात, असं दिलीपने विचारलं असतं.

बसमध्ये घोकलेलं वाक्य साधं होतं. मी ते कुणालाच ऐकवलेलं नाही. "चाचा, ती नावं मी लिहिली होती आणि तुम्हाला मार बसत असताना मी गप्प राहिलो. मला माफ करा."